मुंबईचे नानाशेट

ग्रँट रोड स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडले की नाना चौक लागतो. वर तो मोठा गोल स्कायवॉक, खाली बस, टॅक्स्या आणि माणसांची झुंबड. मागच्या गणपतीत आपल्या सोसायटीतल्या मुलांना मी सहज विचारले, की बाबांनो, हे नाना कोण? एकाने नाना पाटेकर सांगितले. दुसरा जरा अभ्यासू, त्याने नाना फडणवीस सांगितले. मुलांचा दोष नाही. मोठ्यांपैकी तरी किती जणांना ठाऊक असेल? स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे समितीने सांगितले तेव्हा मी ठरवले, की या नानांबद्दलच लिहायचे. आपण ठाणेकर, रोज लोकलने मुंबईला जाणारे. आपले तर त्यांच्याशी जवळचे नाते आहे. ते कसे, ते पुढे येईलच.

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे हे त्यांचे पूर्ण नाव. जन्म १० फेब्रुवारी १८०३, आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडला. जात दैवज्ञ, म्हणजे सोनार. पण घरचा धंदा सराफी आणि व्यापाराचा, आणि तोही बापजाद्यांपासून मुंबईत पक्का रुजलेला. आजोबा-पणजोबांच्या काळापासून कोटात म्हणजे आजच्या फोर्टात त्यांचा वावर. तिथला जुना गनबो स्ट्रीट हा त्यांचे पूर्वज गणबाशेट यांच्या नावावरून पडला, असे मुंबईचे जुने जाणकार सांगतात. नानांचे शिक्षण घरीच झाले. त्या वेळी शाळा होत्या कुठे? पंतोजींकडे मराठी, शास्त्र्यांकडे संस्कृत आणि मास्तर ठेवून इंग्रजी. विशीच्या आतच वडील गेले आणि पेढी, वाडा, देवळे, सगळे अंगावर पडले. त्या वयात आपण नोकरीचे अर्ज लिहीत होतो.

मी जन्मभर बँकेत काढला, म्हणून एक गोष्ट मला फार भावते. अरब, अफगाण वगैरे परदेशी व्यापारी मुंबईत आले की आपली रोकड आणि जडजवाहीर बँकेत न ठेवता नानांच्या पेढीवर ठेवत. आम्ही बँकवाले आयुष्यभर केवायसी, गॅरंटी, तारण करत बसलो. इथे समुद्रापलीकडचा माणूस, धर्म वेगळा, भाषा वेगळी, आणि तो शंकरशेटांच्या शब्दावर थैली ठेवून निघून जातोय! पत म्हणतात ती ही. नाना पुढे सरकारदरबारी जे बोलू शकले, त्याच्या मागे ही पत उभी होती. साहेबाला हा माणूस टाळता येत नव्हता.

पण पैसा तर त्या काळात मुंबईत पुष्कळांकडे होता. अफू आणि कापसाच्या व्यापारात गबर झालेले शेठ गल्लोगल्ली होते. नानांचे वेगळेपण हे, की त्यांनी अगदी तरुणपणीच शाळांचा विषय हातात धरला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना १८२२ च्या सुमारास देशी मुलांच्या शाळा काढायला आणि शाळेची पुस्तके छापायला एक संस्था निघाली. तीच पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी झाली. नाना तिच्यात सुरुवातीपासून होते, म्हणजे विशीतले होते. १८२७ मध्ये एल्फिन्स्टन विलायतेला परत निघाला तेव्हा लोकांनी त्याच्या स्मरणार्थ दोन लाखांच्या वर रुपये जमवले आणि त्या पैशांतून प्राध्यापक आणायचे ठरवले. एल्फिन्स्टन कॉलेजचे मूळ ते. दादाभाई नौरोजी, डॉ. भाऊ दाजी ही मंडळी या एल्फिन्स्टनच्या शाळेतूनच बाहेर पडली.

आता मुख्य गोष्ट सांगतो. माझ्या मते नानांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी लढाई ही, आणि तीच लोक सर्वांत कमी सांगतात.

१८४० मध्ये सरकारने शिक्षणाचा कारभार पाहायला बोर्ड ऑफ एज्युकेशन नेमले. त्यात काही गोरे सभासद आणि तीन आपले. नाना १८५६ पर्यंत, म्हणजे बोर्ड होते तोवर, त्यावर होते. बोर्डाचे अध्यक्ष झाले सर अर्स्किन पेरी. हे सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश, विद्वान, दबदब्याचा माणूस. पेरीसाहेबांचे गणित सरळ होते. बोर्डाच्या हातात वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास रुपये. एवढ्याशा पैशात सगळ्या इलाख्याला शिकवणे शक्य नाही. मग वरच्या वर्गातली थोडी मुले घ्या, त्यांना इंग्रजीतून उत्तम शिकवा, आणि ती मुले खालच्यांना शिकवतील. विद्या वरून खाली झिरपेल. मराठी, गुजराती शाळांवर पैसा घालवण्यात त्यांना अर्थ दिसत नव्हता.

नानांना हे अजिबात पटले नाही. १८४७ मध्ये त्यांनी बोर्डापुढे आपले मत लेखी मांडले. मुद्दा साधा होता. शेतकऱ्याचा, कारागिराचा, दुकानदाराचा मुलगा दहा वर्षे इंग्रजी घोकत बसणार नाही. त्याला शिकवायचे तर त्याच्या भाषेतच शिकवले पाहिजे, नाहीतर तो शिकणारच नाही. इंग्रजीला त्यांचा विरोध नव्हता, हे नीट लक्षात घ्या. एल्फिन्स्टन कॉलेजसाठी झटणारा माणूस इंग्रजीला विरोध कसा करील? इंग्रजी शिकवा, पण भाषा म्हणून, आणि वरच्या इयत्तांत ती ज्ञानाची भाषा म्हणूनही असू द्या. सर्वसामान्य मुलाच्या शाळेचे दार मात्र तिने बंद करू नका.

बोर्डात सरळ दोन तट पडले. नानांच्या बाजूला फ्रामजी कावसजी हे पारशी, महंमद इब्राहिम मुगबा हे कोकणी मुसलमान, आणि कर्नल जॉर्ज जर्विस हा इंग्रज. चौघांची घरची भाषाही एक नव्हती! जर्विसाचे नाव मराठी माणसाने विसरू नये. गणिताची पुस्तके मराठीत आणण्याचे काम त्याने १८२० च्या दशकातच सुरू केले होते, त्यामुळे मराठीत शास्त्र शिकवता येते की नाही, हे तो अनुभवाने सांगू शकत होता. दुसरीकडे पेरी आणि त्यांच्या मताचे गोरे सभासद. वाद दोन-तीन वर्षे चालला. प्रकरण सरकारपर्यंत गेले. शेवटी जो तोडगा निघाला तो पूर्ण कुणाचाच नव्हता. वरचे शिक्षण इंग्रजीतून, सर्वसाधारण शाळा देशी भाषेतून. १८५४ च्या वुडच्या खलित्यातही साधारण हीच विभागणी आली.

आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढचे बहुतेक जण मराठी शाळेत शिकून आठवीत किंवा अकरावीनंतर इंग्रजीला भिडलेले आहेत. ती घडी कुठून आली, असे कुणी विचारले तर त्या बोर्डातल्या भांडणाकडे बोट दाखवावे लागेल. आज आपल्या सोसायटीत खाली स्कूलबस येतात त्या सगळ्या इंग्रजी माध्यमाच्या. माझी नातवंडेही त्यातच जातात, त्यामुळे मला बोलायला तोंड नाही. पण नानांचे म्हणणे चूक होते, असे काही मला अजून वाटत नाही.

बरे, भांडण झाले तरी मनात आकस नाही. पेरीसाहेब १८५२ मध्ये परत गेले तेव्हा लोकांनी त्यांच्या स्मरणार्थ फंड जमवला आणि त्यातून कायद्याचे प्राध्यापकपद निघाले. १८५५ मध्ये कायद्याचे वर्ग सुरू झाले, तेच आजचे चर्चगेटचे गव्हर्नमेंट लॉ कॉलेज. या खटपटीत नाना पुढे होते. पाच वर्षांपूर्वी ज्याच्याशी कडाक्याचे भांडलो, त्याच्याच नावाने काम उभे करायचे. आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पार्किंगवरून एकदा वाजले की लोक दोन दिवाळ्या फराळाचे ताट पाठवत नाहीत!

मुलींच्या शाळेचेही असेच. एल्फिन्स्टनच्या तरुण विद्यार्थ्यांनी आपली एक सभा काढली होती, स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी नावाची. १८४९ मध्ये त्या पोरांनी मुलींच्या शाळा काढायचे मनावर घेतले. तिकडे पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आदल्याच वर्षी शाळा सुरू केली होती. मुंबईत हौस पुष्कळ, पण जागा कोण देणार? लोक म्हणत, मुलगी शिकली तर विधवा होते. नानांनी आपल्या वाड्यातच जागा दिली. स्वतः अत्यंत धार्मिक, पूजाअर्चा चुकवायची नाही, देवळांची व्यवस्था डोळ्यात तेल घालून बघायची. असा माणूस मुलींची शाळा घरात घेतो म्हटल्यावर बोलणाऱ्यांची तोंडे आपोआप अर्धी मिटली. जोतीरावांनी जातीच्या उतरंडीवरच घाव घातला, तसा नानांनी घातला नाही, हे कबूल केले पाहिजे. त्यांचा पिंड तो नव्हता.

आता आपल्या ठाण्याचे नाते. विलायतेत आगगाडी सुरू झाल्याच्या बातम्या मुंबईत आल्यावर इथल्या व्यापाऱ्यांना वाटू लागले, की घाटावरचा कापूस बंदरात आणायला हे वाहन हवे. १८४५ मध्ये नाना आणि सर जमशेटजी जिजीभाई यांनी पुढाकार घेऊन रेल्वेसाठी मंडळ काढले. पुढे ते काम ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीत मिळाले, आणि त्या कंपनीच्या संचालकांत हे दोघेच हिंदी होते. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी बोरीबंदरहून चौदा डब्यांची गाडी तीन इंजिने लावून निघाली. सुमारे चारशे पाहुणे, तोफांची सलामी, रुळांच्या दोन्ही बाजूंना माणसांची दाटी. एकवीस मैल, म्हणजे चौतीस किलोमीटर. नाना त्या गाडीत होते आणि ते उतरले कुठे, तर आपल्या ठाण्याला! मात्र हेही सांगितले पाहिजे, की बांध घालणारे, खडी फोडणारे, खाडीवर पूल उभारणारे हजारो मजूर होते, त्यांतल्या कुणाचे नाव कुठल्या चौकाला नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, २६ ऑगस्ट १८५२ रोजी, बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली होती. काँग्रेसच्या तेहतीस वर्षे आधी. कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण पार्लमेंटपुढे येणार होते, तेव्हा इथल्या लोकांचे गाऱ्हाणे तिथे पोचवायला ही संस्था. जमशेटजी सन्माननीय अध्यक्ष, नाना अध्यक्ष, भाऊ दाजी चिटणीस. मुंबईहून अर्ज गेला. राज्यकारभारात आमची माणसे घ्या, खर्चाचा हिशेब द्या, अशा मागण्या. अर्ज जाताच इंग्रजी वर्तमानपत्रे खवळली, यांना राजद्रोही ठरवू लागली. काही श्रीमंत मंडळी हळूच बाजूला झाली. नाना राहिले.

याची किंमत १८५७ मध्ये मोजावी लागली असती. उत्तरेत बंड पेटले, मुंबईतला साहेब धास्तावला, आणि नानांवर संशय आला. बंडवाल्यांशी यांचे संधान आहे, अशी कुजबुज उठली. त्या दिवसांत नुसत्या संशयावर माणसे तोफेच्या तोंडी गेली आहेत. चौकशी झाली, काही निघाले नाही. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच्या पहिल्या फेलोंत नानांचे नाव होते. एकीकडे पाळत आणि दुसरीकडे मान, असा तो काळ.

सोनापूरची हकिकत लहान आहे पण सांगतो. मरीन लाइन्सजवळचे सोनापूरचे स्मशान उचलून शिवडीला न्यायचा सरकारचा बेत होता. गिरगाव, ठाकूरद्वार, भुलेश्वरच्या लोकांनी खांद्यावर मयत घेऊन शिवडीपर्यंत चालायचे का? नानांनी हा बेत हाणून पाडला. चंदनवाडीला आजही लोक जातात ते त्यामुळे. रेल्वे, कॉलेज या मोठ्या गोष्टी खऱ्याच, पण गरिबाच्या दाराशी आलेली अडचण अशी ओळखणे मला त्याहून कमी वाटत नाही.

शेवटच्या वर्षांतली कामे भराभर सांगतो. राणीच्या बागेतल्या म्युझियमसाठी १८५८ मध्ये समिती झाली, तिचे अध्यक्ष नाना. इमारत पूर्ण होऊन ते १८७२ मध्ये उघडले, ते त्यांना पाहायला मिळाले नाही. आता त्याला भाऊ दाजींचे नाव आहे. १८६२ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळावर त्यांची नेमणूक झाली. तिथे बसणाऱ्या पहिल्या हिंदी माणसांपैकी ते एक.

तेवढ्यात मुंबईला वेड लागले. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले, तिकडचा कापूस बंद झाला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. रोज नवी कंपनी, रोज नवी बँक, समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर दर्शनी किमतीच्या कितीतरी पट. वाण्यापासून कारकुनापर्यंत सगळे सट्ट्यात. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, आणि १ जुलैला वायद्यांचे पैसे चुकते करायचा दिवस आला तेव्हा कुणाकडेच पैसे नव्हते. मोठमोठी घराणी बसली. बँक ऑफ बॉम्बेही त्या धक्क्यातून सावरली नाही, १८६८ मध्ये गुंडाळून नवी काढावी लागली. तिचीच वंशज आजची स्टेट बँक. बँकेच्या प्रशिक्षणात आम्हाला हा इतिहास शिकवत, तारणाशिवाय कर्ज देऊ नका म्हणून.

त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ जुलै १८६५ रोजी, नाना वारले. वय बासष्ट. शहर दिवाळखोरीत बुडालेले असतानाच त्यांची अंत्ययात्रा निघाली.

टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या त्या भव्य पायऱ्या चढून आत गेले की गव्हर्नरांच्या पुतळ्यांबरोबर त्यांचाही संगमरवरी पुतळा दिसतो. मुंबई सेंट्रलला त्यांचे नाव द्यावे ही मागणीही फार जुनी. पण आमच्या वडिलांच्या पिढीला नाना ठाऊक होते ते वेगळ्याच कारणाने. मॅट्रिकला संस्कृतात पहिला येईल त्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळे. ती मिळाली की मुलाचे नाव गावोगाव होई, आणि मुलीला मिळाली तर जास्तच. १९१२ मध्ये ती मिळवली महाडजवळच्या नाते गावच्या चिंतामण द्वारकानाथ देशमुख या मुलाने. तो पुढे रिझर्व्ह बँकेचा पहिला हिंदी गव्हर्नर झाला, मग देशाचा अर्थमंत्री झाला, आणि १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून तोडायची म्हटल्यावर मंत्रिपदाचा राजीनामा देऊन घरी आला.