महाडचा निर्णय आणि कोलंबियाचा धडा

२५ डिसेंबर १९२७. मुंबईहून निघालेली बोट दुपारी दासगावच्या बंदराला लागली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह पायी महाडकडे निघाले. एरवी मुंबईचा प्रवासी धरमतरला उतरून मोटारीने महाड गाठत असे. पण मोटारमालक ऐनवेळी नकार देतील अशी शंका होती. म्हणून कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, किनाऱ्याने हा लांबचा जलमार्ग धरला होता.

महाडात हजारो माणसे वाट पाहत होती. त्यांच्या मनात मार्चचा मार ताजा होता. २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परिषदेच्या मंडपात जेवत असलेल्यांवर लाठ्या पडल्या. प्रतिकाराला माणसे तयार होती, पण आंबेडकरांनी त्यांना आवरले. आता सत्याग्रह करून तळ्यावरचा हक्क पुन्हा बजावायचा होता. तेवढ्यात विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला.

परिषदेने पहिल्याच दिवशी रात्री मनुस्मृतीचे दहन केले. तळ्यावर जाण्याबाबतही लोक ठाम होते, तुरुंगात जायलाही तयार होते. आंबेडकरांपुढचा पेच मोठा होता. माघार घेतली तर माणसे खचतील. हुकूम मोडला तर सनातन्यांशी असलेली लढाई सरकारशीही सुरू होईल आणि तुरुंगात जाईल तो गरीब शेतमजूर. त्यांनी बाजू ऐकून घेतल्या, चर्चा होऊ दिली आणि अखेर सत्याग्रह पुढे ढकलण्याचा निर्णय सभेला पटवून दिला. लोकांनी तळ्याभोवती शिस्तीत मिरवणूक काढली. पाण्याला मात्र हात लावला नाही.

या निर्णयामागच्या सवयीची मुळे शोधत गेले की न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ लागते. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर तिथे पोहोचलेला हा पदव्युत्तर विद्यार्थी जॉन ड्यूई यांच्या वर्गात बसला. ड्यूई तत्त्वज्ञ म्हणून प्रसिद्ध असले तरी त्यांनी १८८७ मध्येच मानसशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहिले होते आणि पुढे ते अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्षही झाले. १९१० च्या पुस्तकात त्यांनी चिंतनशील विचाराच्या पायऱ्या मांडल्या: अडचण जाणवणे, ती नेमकी काय आहे हे ठरवणे, उपाय सुचणे, त्याचे परिणाम मनात तपासणे आणि मग अनुभवावर तो पारखून घेणे. अडचण आणि निष्कर्ष यांच्यामध्ये थांबता येणे, हा या विचाराचा गाभा.

असे थांबणे आंबेडकरांनी विद्यार्थिदशेतच आपल्या दुःखावर करून पाहिले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. ज्या व्यवस्थेने लहानपणी शाळेत वेगळे गोणपाट अंगवळणी पाडले, तिच्याविषयी तक्रार न मांडता त्यांनी प्रश्न मांडला: ती तयार कशी झाली आणि टिकते कशी?

आज समुपदेशन शिकणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रत्येक भेटीनंतर नोंद लिहायला सांगतात. काय घडले, मला काय वाटले, मी काय गृहीत धरले, पुढच्या वेळी काय बदलेन? या पद्धतीला १९८३ च्या पुस्तकातून व्यापक ओळख देणारे डोनाल्ड शॉन यांनी आपला डॉक्टरेटचा प्रबंध ड्यूईंच्या विचारांवरच लिहिला होता. काम चालू असताना केलेले चिंतन आणि काम संपल्यावर केलेले चिंतन, असे दोन भाग त्यांनी सांगितले.

महाडचा निर्णय पहिल्या प्रकारात मोडतो. दुसऱ्याचे उदाहरण १९२९ मधले. चाळीसगावला आंबेडकरांना नेणारा टांगा ओढ्यावरच्या मोरीवर उलटला, ते फेकले गेले आणि पाय मोडला. नंतर चौकशीत कळले, की टांगेवाल्यांनी अस्पृश्याला नेण्यास नकार दिला होता. पाहुण्याने पायी येऊ नये म्हणून वस्तीतल्या, टांगा हाकण्याची सवय नसलेल्या माणसाने लगाम हाती घेतला होता. जीव धोक्यात घालणाऱ्या त्या चुकीमागे मानाची काळजी होती. हा प्रसंग त्यांनी पुढे आठवणींच्या टिपणांत लिहिला. बडोद्यात निवाऱ्यासाठी झालेली वणवणही त्याच टिपणांत आहे. घटना, तिच्यामागचे कारण आणि त्यातून झालेला उलगडा, अशी त्यांची मांडणी आहे.

एकच कटू आठवण मनात घोळवत राहण्याला मानसशास्त्रात विचारांचे रवंथ म्हणतात. नैराश्याशी त्याचा जवळचा संबंध आढळतो. रवंथात माणूस मलाच का, याच प्रश्नापाशी अडकतो. चिंतनात तो काय घडले, का घडले आणि आता काय करायचे, इथवर येतो. अपमानाचे असंख्य प्रसंग वाट्याला येऊनही आंबेडकर या तिसऱ्या प्रश्नापर्यंत पोहोचत राहिले.

चवदार तळ्याचा दावा जवळजवळ दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. जून १९५२ मध्ये कोलंबियाने आंबेडकरांना मानद पदवी दिली. त्या भेटीत ड्यूईंना भेटण्याची त्यांना ओढ होती, पण ते प्रवासात असतानाच ९२ वर्षांच्या गुरूंचे निधन झाले. आपल्या बौद्धिक जीवनाचे सारे ऋण ड्यूईंचे आहे, असे त्यांनी पत्नीला पत्रातून कळवले.