दहाचा हातचा

फ्लँडर्समधल्या ब्रुज या व्यापारी शहरात १५४८ साली सिमॉन स्टेविनचा जन्म झाला. आईवडिलांचे लग्न झालेले नव्हते. असा मुलगा पुढे राजपुत्राचा गुरू होईल, असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. तरुणपणी त्याने अँटवर्पमध्ये हिशेबनीस आणि रोखपाल म्हणून काम केले. १५७७ मध्ये ब्रुजच्या करकचेरीत कारकुनी धरली. मी उमेदीची सारी वर्षे बँकेत काढली, म्हणून असेल कदाचित, पण थोर गणितज्ञांच्या यादीत हा एकटा मला आमच्या खात्यातला माणूस वाटतो. आपली मुले पाचवी-सहावीत दशांश अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी शिकतात, ती युरोपात घरोघरी पोचवण्याचे श्रेय या कारकुनाकडे जाते.

त्या काळी आकडेमोड ही फार जाचक गोष्ट होती. फ्लँडर्समध्ये पौंडाचे वीस शिलिंग आणि शिलिंगाचे बारा ग्रोट. वजनांची तऱ्हा वेगळी, कापडाच्या मापांची आणखी वेगळी. आपल्याकडेही फार निराळे नव्हते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. पावकी, निमकी, दीडकी, औटकी पाठ केल्याशिवाय दुकानाची पायरी चढता येत नसे. ३ रुपये ११ आणे ३ पैशांत २ रुपये ९ आणे २ पैसे मिळवून पाहा. पैसे झाले पाच, म्हणजे चाराचा एक आणा हातचा, उरला एक पैसा. आणे झाले एकवीस, म्हणजे सोळाचा एक रुपया हातचा, उरले पाच आणे. उत्तर ६ रुपये ५ आणे १ पैसा. एकाच बेरजेत एका घरात चाराचा हातचा, दुसऱ्यात सोळाचा आणि रुपयांच्या घरात दहाचा. माणूस चुकला नाही तरच नवल!

स्टेविन १५८१ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला आला. दोन वर्षांनी, पस्तिसाव्या वर्षी, तिथल्या विद्यापीठात त्याने नाव घातले. त्याआधीच, १५८२ मध्ये, त्याने व्याजाची कोष्टके छापून टाकली होती. अशी कोष्टके तोवर सावकार आणि पेढीवाले हस्तलिखितात जपून ठेवत. ऋणकोने विश्वासावर बोट धरावे आणि धनको सांगेल तो आकडा मान्य करावा, अशी रीत. स्टेविनने तो आकडा चार लोकांना तपासता येईल असा केला. या माणसाच्या साऱ्या आयुष्याचे सूत्र मला इथे सापडते. हिशेब ज्याचा आहे, त्याला तो करता आला पाहिजे.

१५८५ मध्ये त्याची छोटीशी पुस्तिका निघाली. नाव ‘दे टीन्दे’, म्हणजे दहावा भाग. ती विद्वानांच्या लॅटिनमध्ये नव्हती, साध्या डच भाषेत होती. त्याच वर्षी त्याने तिचे फ्रेंच रूपही काढले. ज्योतिषी, जमीन मोजणारे, कापड मापणारे, दारूची पिंपे मोजणारे, टांकसाळीचे अधिकारी आणि व्यापारी अशा कामाच्या माणसांसाठी ती होती. कल्पना अगदी सोपी. एकक, दशक, शतक ही घरे डावीकडे जाताना दहा-दहा पटींनी वाढतात. मग एककाच्या उजवीकडे तशीच दहा-दहा पटींनी लहान होत जाणारी घरे का नसावीत? दशांश, शतांश, सहस्रांश. तसे केले की तुकड्यांचा हिशेब पूर्णांकांसारखाच होतो. छेद नाहीत, लसावि नाही. कोणत्याही घरात हातचा एकच, दहाचा.

त्याने दशांश चिन्ह मात्र वापरले नाही. प्रत्येक आकड्याला तो वर्तुळातला एक क्रमांक जोडी. पूर्णांकाला शून्य, दशांशाला एक, शतांशाला दोन. बेरीज मांडताना हे क्रमांक रकान्यांच्या माथ्यावर बसत. मला हे पाहून आमची खातेवही आठवते. संगणक येण्यापूर्वी लेजरच्या पानावर रुपये आणि पैसे यांच्यामध्ये एक उभी रेघ असे. ती रेघ म्हणजेच दशांश चिन्ह.

आता साडेबारा मीटर कापडात पावणेचार मीटर मिळवायचे आहे. १२.५ अधिक ३.७५. पुष्कळ मुले पूर्णांकांच्या सवयीने उजवी कड जुळवतात. पाचाखाली पाच मांडतात आणि घोटाळा होतो, कारण वरचे पाच दशांश आहेत आणि खालचे पाच शतांश. स्टेविनच्या रीतीने १२.५ म्हणजे १२५० शतांश आणि ३.७५ म्हणजे ३७५ शतांश. बेरीज १६२५ शतांश, म्हणजे १६.२५. वजाबाकीतही तेच. २० मधून ७.३५ वजा करायचे, तर २० ला उजवीकडे घरेच नाहीत म्हणून मूल थबकते. २० म्हणजे २००० शतांश. त्यातून ७३५ गेले, उरले १२६५, म्हणजे १२.६५. शेवटी शून्ये लिहिल्याने किंमत बदलत नाही, रिकामी घरे तेवढी भरतात.

घर चुकले की काय होते, ते बँकेतल्या जुन्या माणसांना विचारा. संध्याकाळी शिल्लक जुळेना की आमचे हेडक्लार्क आधी फरकाला नवाने भाग देऊन पाहत. ४५ रुपये ५० पैशांच्या जागी कोणी ४५५ रुपये लिहिले, तर फरक येतो ४०९ रुपये ५० पैसे. त्याला नवाने नेमका भाग जातो. असा भाग गेला की बहुधा कुठे तरी आकडे घर सोडून बसलेले असत, किंवा त्यांची अदलाबदल झालेली असे.

दशांशांची कल्पना मात्र एकट्या स्टेविनची नव्हे. दहाव्या शतकात दमास्कसच्या अल उक्लिदिसीने आणि १४२७ मध्ये समरकंदच्या अल काशीने ती वापरली होती. व्हेनिसच्या बियांकिनीने १४४० च्या दशकात चक्क टिंब वापरल्याचेही अलीकडे, २०२४ मध्ये, पुढे आले. या साऱ्याच्या मुळाशी भारतातून पश्चिमेकडे गेलेली स्थानिक किमतीची पद्धत आहे. पण ज्ञान पंडितांच्या कपाटात असणे वेगळे आणि दुकानदाराच्या हातात असणे वेगळे. स्टेविनने ते दुसरे काम केले. १६०८ मध्ये त्याच्या पुस्तिकेचे इंग्रजी भाषांतर झाले आणि पुढे स्कॉटलंडच्या नेपियरच्या लेखनातून दशांश चिन्ह रुळले.

बाकीचे आयुष्यही त्याने असेच हाताने काम करत घालवले. डेल्फ्टमध्ये एका मित्राबरोबर त्याने दहापट वजनाचा फरक असलेले शिशाचे दोन गोळे तीस फुटांवरून फळीवर टाकले. आवाज एकच आला. ही हकीकत त्याने १५८६ मध्ये छापली. राजपुत्र मॉरिसला तो गणित शिकवी. त्याच्यासाठी त्याने समुद्रकिनाऱ्यावर वाऱ्याने धावणारी शिडाची गाडी केली आणि त्याच्या जमिनींचा हिशेब दुहेरी नोंदीने ठेवण्याची पद्धत घालून दिली. १६०० मध्ये लायडनला अभियंत्यांची शाळा निघाली, तिचा अभ्यासक्रम त्याचाच आणि शिकवणे डच भाषेत. उतारवयात त्याने लग्न केले, चार मुले झाली. १६२० मध्ये तो गेला.

त्याची एक इच्छा अपुरी राहिली. सरकारांनी नाणी, वजने, मापे सगळीच दहाच्या पटीत करावीत, असे त्याने त्या पुस्तिकेतच सुचवले होते. अमेरिकेने १७९२ मध्ये दशमान नाणी ठरवली. त्या कायद्यात डॉलरच्या दहाव्या भागाला दिलेले नाव त्याच्या फ्रेंच पुस्तिकेच्या नावातलेच आहे. फ्रान्सने १७९५ मध्ये तेच केले. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ रोजी नवा पैसा आला आणि रुपयाचे शंभर झाले. ब्रिटनला मात्र १९७१ उजाडावे लागले.

आपल्या घरातले मूल दशांशांच्या बेरजेत अडले, तर टिंबाखाली टिंब मांड, एवढे सांगून आपण मोकळे होतो. नियम बरोबर आहे, पण कारण कळले नाही तर तो परीक्षेपुरताच टिकतो. दशांशाखाली दशांश, शतांशाखाली शतांश, जातीखाली जात आणि हातचा सगळीकडे दहाचाच, हे एकदा समजावून सांगावे. स्टेविनने ते मोठ्या माणसांना समजावले होते. मुलांना तर त्याहूनही लवकर समजते.