दावीद रहाबी

फार प्राचीन काळी अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर यहुदी लोकांचे एक गलबत फुटले. त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून कोकणातील बेने इस्रायल समाज वाढला, अशी परंपरा आहे. धर्मग्रंथ बुडाले, हिब्रू भाषाही विस्मृतीत गेली. तेलाचा घाणा चालवून ही मंडळी मराठीच बोलू लागली. शनिवारी मात्र त्यांचा घाणा बंद असे. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत.

या समाजात दावीद रहाबी हे यहुदी धर्मपंडित आले. ते अठराव्या शतकातील, कोचीनच्या रहाबी या व्यापारी घराण्यातील होते, असे काही अभ्यासक मानतात. ही माणसे आपल्याच धर्माची आहेत काय, याची त्यांना खात्री करून घ्यावयाची होती. कथा अशी, की त्यांनी स्त्रियांपुढे नाना प्रकारचे मासे ठेवले व रांधावयास सांगितले. स्त्रियांनी खवले आणि पर असलेले तेवढेच मासे निवडले. उरलेले बाजूस सारले. ग्रंथ गेला तरी त्यातील आज्ञा चुलीपाशी जिवंत होती! रहाबींची शंका फिटली.

मग त्यांनी समाजाला प्रार्थना व सण शिकविले आणि झिराड, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतील तीन शिष्यांस काजी नेमले. काजी गावोगाव फिरून धर्मसंस्कार करीत व तंटेही मिटवीत. पुढे १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले.