मरुभूमीच्या सुरांचे जतनकर्ते : कोमल कोठारी

जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात २००७ सालापासून शरद पौर्णिमेच्या सुमारास राजस्थान आंतरराष्ट्रीय लोकसंगीत महोत्सव भरत आला आहे. रात्री किल्ल्याच्या प्रांगणात गायन-वादन होते, तर दिवसा लोककलाकार रसिकांसमोर बसून आपली वाद्ये उलगडून दाखवतात. कमायचाची तात कशी लावतात, खरतालाचे तुकडे बोटांत कसे धरतात, मोरचंगाचा नाद तोंडाच्या पोकळीत कसा घुमतो, हे तेथे जवळून पाहता येते. देशविदेशांतून येणाऱ्या रसिकांना लंगा आणि मांगणियार ही नावे आता अपरिचित राहिलेली नाहीत. सहा दशकांपूर्वी मात्र जैसलमेर-बाडमेरच्या वाळवंटाबाहेर या कलाकारांना फारसे कोणी ओळखत नव्हते. त्यांच्या कलेला देशापुढे आणण्याचे श्रेय प्रामुख्याने ज्या व्यक्तीकडे जाते, ती म्हणजे लोकसंस्कृतीचे थोर अभ्यासक कोमल कोठारी. हा महोत्सव सुरू होण्यापूर्वी तीन वर्षे त्यांचे निधन झाले होते.

कोमल कोठारी यांचा जन्म ४ मार्च १९२९ रोजी मेवाडमधील कपासन या गावी झाला. चितोडगडच्या परिसरातील हे गाव. पुढे त्यांची कर्मभूमी मात्र मारवाड ठरली. तरुणपणी त्यांची मैत्री विजयदान देथा यांच्याशी झाली. बोरुंदा गावच्या चारण कुटुंबात जन्मलेले देथा पुढे राजस्थानी भाषेतील अग्रगण्य कथाकार म्हणून ओळखले गेले. दोघांचीही वृत्ती साहित्यिक होती आणि स्वातंत्र्योत्तर काळातील नव्या विचारांनी ते भारावलेले होते. १९५३ साली त्यांनी प्रेरणा नावाचे मासिक सुरू केले. लोकगीते शोधून ती लिहून काढणे हा या उपक्रमाचा एक हेतू होता.

या कामातून कोठारी यांच्या जीवनाला दिशा मिळाली. गीताचे शब्द कागदावर उतरले, तरी त्याचा प्राण कागदावर येत नाही, हे त्यांच्या लवकरच ध्यानी आले. गीत कोण गाते, कोणासाठी गाते, कोणत्या प्रसंगी गाते आणि कोणत्या वाद्याच्या साथीने गाते, हे समजल्याखेरीज त्याचा अर्थ लागत नव्हता. शब्दांचा शोध घेण्यासाठी निघालेला हा अभ्यासक अशा रीतीने गायकांपर्यंत आणि गायकांकडून त्यांच्या समाजजीवनापर्यंत पोहोचला.

रूपायन संस्थानची स्थापना

१९६० साली कोठारी आणि देथा यांनी जोधपूर जिल्ह्यातील बोरुंदा या खेड्यात रूपायन संस्थानची स्थापना केली. लोकसंस्कृतीच्या संशोधनाचे केंद्र शहरात न ठेवता खेड्यात ठेवण्याचा हा निर्णय त्या काळी धाडसाचा होता. दोघा मित्रांनी कामाची जणू वाटणीच करून घेतली. देथा यांनी लोककथांकडे लक्ष दिले. त्यातूनच त्यांची बातां री फुलवारी ही चौदा खंडांची ग्रंथमाला सिद्ध झाली आणि तिच्या दहाव्या खंडासाठी १९७४ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. देथा यांच्याच कथेवर मणी कौल यांनी १९७३ साली दुविधा हा चित्रपट काढला आणि २००५ साली आलेला पहेली हा हिंदी चित्रपटही त्याच कथेवर बेतलेला होता. कोठारी यांनी संगीत, वाद्ये, गायक जाती आणि मौखिक परंपरा हे आपले क्षेत्र मानले.

ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन ते वाळवंटातील गावोगाव फिरू लागले. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी लंगा आणि मांगणियार गायकांचे ध्वनिमुद्रण सुरू केले. सुरुवातीला हे काम सोपे नव्हते. आपला आवाज यंत्रात बंदिस्त झाला तर आपल्याजवळ काय उरणार, अशी भीती काही गायकांना वाटत असे. कोठारी यांनी घाई केली नाही. ते त्यांच्या घरी जाऊन राहिले, लग्नकार्यांत बसले, त्यांच्या अडीअडचणी ऐकल्या. या विश्वासातूनच पुढे रूपायन संस्थानचा हजारो तासांचा ध्वनिसंग्रह उभा राहिला.

यजमान आणि गायक

लंगा आणि मांगणियार हे दोन्ही समाज धर्माने मुस्लिम आणि पेशाने वंशपरंपरागत गायक-वादक आहेत. लंगांचे आश्रयदाते प्रामुख्याने सिंधी सिपाही हे मुस्लिम पशुपालक, तर मांगणियारांचे आश्रयदाते बहुतांशी राजपूत व अन्य हिंदू समाज. यजमानाच्या घरी मूल जन्माला आले, लग्न निघाले किंवा एखादे मंगलकार्य ठरले की गायकाने तेथे हजर राहायचे, कुळाची वंशावळ गायची, प्रसंगाला साजेशी गीते म्हणायची आणि यजमानाने त्याला धान्य, गुरे, वस्त्रे किंवा पैसा द्यायचा, असा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध होता. मुस्लिम गायकाने हिंदू घरातील देवदेवतांची गीते गावीत आणि त्याच बैठकीत सिंधी सूफी कवी शाह अब्दुल लतीफ यांच्या रचनाही म्हणाव्यात, यात कोणालाही वावगे वाटत नसे. या समाजांचे नातेवाईक फाळणीनंतर सीमेपलीकडे सिंधमध्ये राहिले, पण सुरांचे नाते तुटले नाही.

महाराष्ट्रातील वाचकांना ही व्यवस्था अगदीच परकी वाटणार नाही. कुळाचा गोंधळ घालणारे गोंधळी आणि पहाटे दारी येणारा वासुदेव यांचे गावाशी असलेले नाते अशाच देवाणघेवाणीवर उभे होते. पाबूजीची चित्रमय फड उभारून रावणहत्थ्याच्या साथीने रात्रभर कथा गाणारे भोपे पाहिले की कोकणातील पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेची आठवण होते.

कोठारी या व्यवस्थेकडे केवळ भावुकतेने पाहत नव्हते. गायकाचे सामाजिक स्थान खालचे मानले जाई, हे त्यांना ठाऊक होते. मात्र कुळाची स्मृती गायकाच्या कंठात असल्यामुळे यजमानही त्याच्यावर अवलंबून असे, हे त्यांनी आपल्या अभ्यासातून दाखवून दिले. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली, १९५२ च्या कायद्याने राजस्थानातील जहागिऱ्या संपुष्टात येऊ लागल्या आणि आश्रयदात्यांची ऐपत घटली. वरचेवर पडणारे दुष्काळ होतेच. गायकांच्या मुलांनी वाद्य खाली ठेवून मजुरीची वाट धरावी, अशी वेळ येऊन ठेपली. कोठारी यांचे कार्य सुरू झाले, ते नेमके या संधिकाळात.

वाद्याचा प्रश्न

या संकटाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे कमायचा. मांगणियारांचे हे गजाने वाजवायचे वाद्य आंब्याच्या लाकडापासून घडवतात. त्याच्या वाटोळ्या, खोलगट भांड्यावर बकऱ्याचे कातडे ताणून बसवतात. मुख्य तारा धातूच्या नसून बकऱ्याच्या आतड्यापासून वळलेल्या ताती असतात आणि त्यांच्या जोडीला पोलादी तरफा असतात. यामुळेच त्याचा स्वर खर्जाचा, काहीसा घोगरा आणि विलक्षण भरदार येतो. परंतु हे वाद्य सांभाळणे कष्टाचे असते. हवामान बदलले की तात सैल पडते, कातडे उतरते. घडवणारे कारागीर मोजकेच आणि शिकायला वर्षे लागतात. दुसरीकडे बाजारात मिळणारी हार्मोनियम वाजवायला सोपी आणि गायकाला सोयीची होती. हळूहळू ती कमायचाची जागा घेऊ लागली.

लंगांची सिंधी सारंगी, दोन बासऱ्या एकत्र फुंकून वाजवायचा सतारा, श्वास न तोडता वाजवायची मुरली, सुरणाई यांच्यापुढेही कमीअधिक प्रमाणात हाच प्रश्न उभा होता. वाद्य नाहीसे झाले की त्याच्यासोबत त्याचे स्वरलगाव, त्याच्यासाठी बांधलेल्या रचना आणि ते घडवणाऱ्या सुताराचे ज्ञानही नाहीसे होते, अशी कोठारी यांची धारणा होती. त्यामुळे ध्वनिमुद्रणे जपून ठेवण्यावर ते थांबले नाहीत. रूपायन संस्थानने लंगा व मांगणियार मुलांसाठी प्रशिक्षण शिबिरे भरवली. त्यांत समाजातील बुजुर्ग वादकच गुरू असत. घरातील बैठकीत ऐकून ऐकून शिकण्याची जी रीत आश्रयदात्यांबरोबर क्षीण होत चालली होती, तिला शिबिराच्या रूपाने पर्याय देण्याचा हा प्रयत्न होता. आजच्या लोकसंगीत महोत्सवांतील वाद्यकार्यशाळांचे नाते या शिबिरांशी जोडता येईल. फरक एवढाच, की तेथे शिकणारा पाहुणा नव्हता, तर त्या परंपरेचा वारस होता.

रंगमंचाची किंमत

कोठारी यांनी या कलाकारांना दिल्लीसह देशातील मोठ्या शहरांत नेले आणि नंतर त्यांना परदेशांतील व्यासपीठेही मिळाली. १९८० च्या दशकात भारत सरकारने परदेशांत भरवलेल्या भारत महोत्सवांमुळे राजस्थानी लोकसंगीत जगभर पोहोचले. कलाकारांना मान मिळाला, उत्पन्न मिळाले आणि मुलांना वाद्य शिकवण्यासाठी पुन्हा कारण मिळाले.

मात्र या यशाची दुसरी बाजूही होती. यजमानाच्या अंगणात रात्रभर खुलत जाणारे गायन रंगमंचावर काही मिनिटांत बसवावे लागले. संथ, गंभीर रचना मागे पडल्या आणि टाळ्या मिळवणारी द्रुत गीते पुढे आली. खरतालाची चपळाई लोकांना भावली, कमायचाचा खर्ज मात्र ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटात हरवू लागला. चित्रपटांनीही या गीतांचा वापर केला. १९९९ सालच्या हम दिल दे चुके सनम या चित्रपटातील निंबूडा हे गाणे मांगणियारांच्या लोकगीतावर आधारलेले होते. चाल घरोघरी पोहोचली, पण ती पिढ्यान्‌पिढ्या गाणारे लोक श्रेय आणि मोबदला यांपासून दूरच राहिले. लोकगीत सर्वांचे असते असे म्हणताना ते कोणाच्या कंठात जिवंत राहिले, हा प्रश्न विसरला जातो.

कलाकाराला रंगमंचावर नेले नाही तर तो उपाशी राहतो आणि नेले तर त्याची कला बदलते, असा हा पेच होता. कोठारी यांनी रंगमंच नाकारला नाही. पण त्याचबरोबर गावातील मूळ प्रसंग, यजमानांशी असलेला संबंध आणि वाद्यांचे शिक्षण या तिन्ही गोष्टी टिकवण्याचा आग्रह त्यांनी सोडला नाही.

धान्यापासून झाडूपर्यंत

कोठारी यांची दृष्टी संगीतापुरती मर्यादित नव्हती. राजस्थानची विभागणी संस्थानांच्या जुन्या सीमांनुसार न करता लोकांच्या मुख्य अन्नधान्यानुसार करावी, असे त्यांनी सुचवले. पश्चिमेचा बाजरीचा पट्टा, दक्षिणेकडील डोंगराळ भागातील मक्याचा पट्टा आणि ज्वारीचा पट्टा असे हे तीन विभाग. जमीन, पाऊस आणि पीक बदलले की पशुधन, घरे, दैवते आणि गीतेही बदलतात, हे सूत्र त्यामागे होते.

याच विचारातून जोधपूरजवळच्या मोकलावास येथे, वालुकाश्माच्या जुन्या खाणींच्या परिसरात अरणा-झरणा हे मरुभूमीचे संग्रहालय आकाराला आले. राजामहाराजांच्या वस्तूंऐवजी तेथे झाडूला मानाचे स्थान देण्यात आले. कोणत्या भागात कोणत्या गवताचा झाडू होतो, तो कोण बनवतो, घरात आणि अंगणात कोणता वापरतात, शीतलामातेच्या हाती झाडू का असतो, अशा प्रश्नांतून संपूर्ण प्रदेशाचे जीवन उलगडता येते, हे त्यातून दिसून येते.

स्वतः कोठारी यांनी लिहिले त्या मानाने कमी. त्यांचे ज्ञान प्रामुख्याने बोलण्यातून वाहत असे आणि देशविदेशांतील संशोधक ते ऐकण्यासाठी जोधपूरला येत. नाट्य-अभ्यासक रुस्तम भरुचा यांनी त्यांच्याशी झालेल्या संवादांवर आधारित ग्रंथ २००३ साली प्रसिद्ध केला. मौखिक परंपरेच्या या अभ्यासकाचे विचारही अशा रीतीने बऱ्याच अंशी मौखिक मार्गानेच ग्रंथबद्ध झाले.

भारत सरकारने कोठारी यांना १९८३ साली पद्मश्री आणि २००४ साली पद्मभूषण देऊन गौरवले.  २० एप्रिल २००४ रोजी जोधपूर येथे त्यांनी अखेरचा श्वास घेतला. राजस्थानातील कलाकार आणि अभ्यासक त्यांना कोमलदा या आपुलकीच्या नावाने ओळखत.

त्यांच्या पश्चात या परंपरेला मिळालेली मान्यता लक्षणीय आहे. जैसलमेर जिल्ह्यातील हमीरा गावचे कमायचावादक साकर खाँ यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. पुढल्याच वर्षी त्यांचे निधन झाले. २०२० साली गायक अन्वर खाँ आणि २०२१ साली सिंधी सारंगीवादक लाखा खाँ या मांगणियार कलाकारांनाही हा सन्मान लाभला. जे लोक एके काळी यजमानाच्या दाराबाहेर बसत, त्यांना राष्ट्रपती भवनात सन्मानाने बोलावले गेले.

तरीही कोठारी यांनी उपस्थित केलेला प्रश्न संपलेला नाही. महोत्सव वाढले, श्रोते वाढले, मात्र कमायचा घडवणारे हात आजही थोडेच आहेत. एखाद्या वाद्याचे भवितव्य किल्ल्यातील एका रात्रीपेक्षा गावातील एखाद्या मुलाने त्या वाद्यावर रोज घालवलेल्या तासांवर अधिक अवलंबून असते. कोमल कोठारी यांनी आयुष्यभर याच तासांची काळजी वाहिली आणि तीच त्यांची खरी स्मृती होय.