अग्निपाळक योऊन स्टाइनग्रिम्सन

आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण एके काळीं वितळलेला तप्त रस होता, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं भूगोलाच्या तासाला ऐकलेंच आहे. त्याच जातीचा रस डोळ्यांदेखत वाहतांना पाहून ज्यांनीं त्याची बारकाईनें नोंद ठेविली, त्या पाळकाचें चरित्र आम्ही येथें देत आहों.

योऊन स्टाइनग्रिम्सन यांचा जन्म १७२८ सालीं आइसलंड बेटाच्या उत्तर भागांत झाला. होलार येथील शाळेंत त्यांचें शिक्षण झालें. १७५५ सालीं ते दक्षिणेकडे राहावयास गेले आणि त्याच वर्षीं तेथील कात्ला ज्वालामुखी पेटला! १७७८ पासून ते किर्क्युबायारक्लौस्तुर येथील मंडळीचे पाळक होते. त्यांना औषधोपचारही येत असल्यामुळें आजारी माणसें त्यांच्याच दारीं येत.

८ जून १७८३, पेंटेकॉस्टचा रविवार. सकाळीं नऊच्या सुमारास उत्तरेच्या डोंगरांमागून एक काळा ढग वर आला व बघतां बघतां गांवावर राख पडूं लागली. लाकी डोंगरापाशीं जमीन फाटत होती. ही भेग पुढें वाढत वाढत सुमारें २७ किलोमीटर लांब झाली.

ही राख चुलींतल्या राखेसारखी कांहीं जळून उरलेली नव्हे. ती दगडी काचेची भुकटी होय. भूगर्भांतील रसांत वाफ व गंधकाचे वायु दाबामुळें विरघळून असतात. रस वर येऊं लागला कीं दाब उतरतो, आणि सोड्याच्या बाटलींतील गोळी दाबतांच व्हावें तसे असंख्य बुडबुडे उठतात. ते फुगून रसाच्या चिंधड्या करितात. कारंजीं उडतात व त्यांचे थेंब हवेंत गोठून काच बनतात. काळ्या पाषाणाचा रस पातळ असल्यामुळें त्यांतून वायु सहज निसटतो, म्हणून अशा ठिकाणीं बहुधा राख थोडी व रसाचे लोट फार. परंतु लाकी येथें भेगेचा नवा भाग उघडे तेव्हां रसाची गांठ जमिनींतील पाण्याशीं पडे. कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पाण्याचे शिंतोडे उडाले म्हणजे ती तडकते, हें घरोघरीं ठाऊक आहे. येथें तर पाण्याची एकदम वाफ होऊन स्फोट होत आणि रसाचें बारीक पीठ होई. कांहीं थेंब ताणले जाऊन त्यांचे केसांसारखे तंतु बनत. राखेंतले हे चकाकणारे केस योऊन यांच्या नजरेंतून सुटले नाहींत.

राखेबरोबर विषही आलें. गवतावर फ्लोरीन बसलें, तें खाऊन जनावरांचीं हाडें वेडींवांकडीं झालीं. बेटावरील मेंढरांपैकीं सुमारें चार-पंचमांश दगावलीं आणि पुढील दुष्काळांत व रोगराईंत सुमारें एक-पंचमांश माणसें गेलीं. हा कोप लोकांच्या पापांमुळें झाला, अशी योऊन यांची समजूत होती. परंतु त्यांच्या लेखणीनें राखेचा रंग, वास व चव टिपण्यांत हयगय केली नाहीं.

२० जुलै रोजीं अग्निरसाचा लोट गांवाच्या रोखानें येत असतां त्यांनीं मंडळीस जमवून उपासना चालविली. पुन्हां या मंदिरांत येणें घडेल असें कोणासही वाटत नव्हतें. उपासनेनंतर लोक पाहावयास गेले, तों लोट पुढें सरकला नव्हता. जागच्या जागीं थर चढून थिजत होता. तुंबलेल्या नद्यांचें पाणी त्यावर येऊन कोसळत होतें, हेंही त्यांनींच लिहून ठेविलें आहे. एवढें प्रामाणिकपण त्या घटकेस क्वचितच आढळेल.

अग्निउद्रेक ७ फेब्रुवारी १७८४ रोजीं थांबला. उपासमार मात्र थांबली नव्हती. त्या वर्षीं त्यांच्या पत्नी वारल्या. त्याच वर्षीं सरकारी मदतीची मोहोरबंद रक्कम अधिकाऱ्याकडे पोंचविण्यास त्यांच्या स्वाधीन झाली होती. वाटेंत भुकेलीं माणसें भेटलीं, तेव्हां त्यांनीं मोहोर फोडून कांहीं पैसे वांटले. याबद्दल त्यांना दंड भरावा लागला व जाहीर क्षमा मागावी लागली. नियम मोडला खरा. पण आमच्यानें त्यांना दोष देववत नाहीं.

१७८८ सालीं त्यांनीं या उद्रेकाचा वृत्तांत लिहून पुरा केला व १७९१ सालीं ते निवर्तले. कोणत्या दिवशीं भेगेचा कोणता भाग उघडला, राख केव्हां पडली, हें ठरवितांना भूगर्भशास्त्रज्ञ आजही तो वृत्तांत उघडतात. १९७४ सालीं किर्क्युबायारक्लौस्तुर येथें त्यांच्या स्मरणार्थ एक लहानसें प्रार्थनामंदिर उभें राहिलें.