नोबेल मिळालं वादग्रस्त ऑपरेशनसाठी, पण या डॉक्टरचं खरं मोठं काम होतं मानेच्या धमनीतलं

कंठमण्याच्या बाजूला दोन बोटं ठेवली की ठोके लागतात. ती कॅरोटिड धमनी. मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक असते. जबड्याखाली तिला दोन फाटे फुटतात. एक चेहऱ्याकडे जातो, दुसरा थेट मेंदूकडे. हा दुसरा फाटा तुंबला तर पक्षाघात होऊ शकतो.

पण शंभर वर्षांपूर्वी एक्स-रेमध्ये फक्त कवटीचं हाड दिसायचं. जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या दाखवल्या त्या पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी.

१८७४ साली आवांका गावात त्यांचा जन्म झाला. कोइंब्रा विद्यापीठातून ते डॉक्टर झाले आणि १९११ मध्ये लिस्बनला न्यूरोलॉजीचे प्राध्यापक. सोबत राजकारणही सुरू होतं. खासदार, स्पेनमधले राजदूत आणि १९१८ मध्ये थेट परराष्ट्रमंत्री. राजकारण सुटलं आणि पन्नाशी उलटल्यावर त्यांनी नवा प्रयोग हाती घेतला.

कल्पना साधी होती. एक्स-रेत उठून दिसेल असं औषध कॅरोटिडमध्ये सोडायचं. ते रक्तासोबत मेंदूत पोहोचलं की लगेच फोटो काढायचा. गाऊटमुळे मोनिझ यांचे हात साथ देत नव्हते. त्यामुळे हाताचं काम त्यांचे तरुण सहकारी अल्मेदा लिमा करायचे.

सुरुवातीला स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड वापरलं. त्यात एका रुग्णाचा जीव गेला. मग औषध बदलून सोडियम आयोडाइड घेतलं, आणि २८ जून १९२७ ला मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं जाळं फोटोत उमटलं. मेंदूत गाठ असेल तर ती रक्तवाहिन्यांना बाजूला ढकलते. हे सरकणं आता कवटी न उघडता दिसू लागलं. १९३७ मध्ये मोनिझ यांनी याच तंत्राने मानेतच बंद झालेली कॅरोटिडही दाखवली.

त्यांना १९४९ चं नोबेल मात्र मिळालं ते ल्युकोटॉमीसाठी. मानसिक रुग्णांच्या मेंदूतले धागे तोडण्याचं हे ऑपरेशन त्यांनी १९३५ मध्ये सुरू केलं होतं. पुढे अनेक रुग्णांच्या भावनाच बोथट झाल्याचं दिसलं आणि औषधं आल्यावर ते मागे पडलं. नोबेल परत घ्या, अशीही मागणी झाली.

१९५५ मध्ये मोनिझ गेले. ज्या कामासाठी नोबेल मिळालं, ते आज कुणी करत नाही. अँजिओग्राफी मात्र टिकली. आता नळी बहुतेक वेळा जांघेतून किंवा मनगटातून घालतात, पण पक्षाघाताच्या रुग्णाची नेमकी कुठली रक्तवाहिनी तुंबली आहे, हे डॉक्टर आजही याच तंत्राने बघतात.