संत फ्रान्सिस झेवियर आणि भाषांचे वरदान

दरवर्षी ३ डिसेंबर रोजी संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण येतो आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात त्यांच्या कथा पुन्हा रंगतात. समुद्रात पडलेला क्रूस नांग्यांत धरून परत आणणारा खेकडा तर आपल्या मुलांना तोंडपाठ असतो. तितकीच प्रसिद्ध आख्यायिका म्हणजे भाषांचे वरदान. संतांनी ज्या देशात पाऊल ठेवावे, तेथील भाषा न शिकताच त्यांच्या मुखातून वाहू लागे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. १२ मार्च १६२२ रोजी पोप ग्रेगरी पंधरावे यांनी त्यांना संतपद बहाल केले. त्यासंबंधीच्या १६२३ च्या अधिकृत पत्रकातही या वरदानाचा उल्लेख आला. झेवियर यांची स्वतःची पत्रे मात्र निराळीच हकीकत सांगतात, आणि प्रस्तुत लेखकाला तीच अधिक भावते.

नवारा राज्यातील झेवियर गढीत ७ एप्रिल १५०६ रोजी त्यांचा जन्म झाला. बास्क ही त्यांची मातृभाषा. पॅरिसच्या विद्यापीठात इग्नेशियस लोयोला यांचा सहवास लाभला, येशूसंघाची स्थापना झाली आणि ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. त्याच वर्षी ते तामिळ किनाऱ्यावरील परवर कोळी बांधवांकडे गेले. या लोकांना काही वर्षांपूर्वीच बाप्तिस्मा मिळाला होता. पण त्यांना शिकवणारे कोणी नव्हते. लोकांची भाषा मलबारी, आपली बास्क, त्यामुळे एकमेकांचे काहीच कळत नाही, असे झेवियर यांनी रोमच्या बंधूंना कळवले. मग दोन्ही भाषा थोड्याफार जाणणारी माणसे त्यांनी एकत्र बसवली. अनेक दिवस खपून क्रुसाची खूण, विश्वासांगीकार, दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, नमो मरिया यांचे भाषांतर करून घेतले, शब्दन् शब्द पाठ केला आणि हातात घंटा घेऊन ते गावोगाव फिरू लागले.

त्या भाषांतरात चूक राहिलीच. विश्वासांगीकारात ‘मी विश्वास ठेवतो’ या जागी ‘वेणुम्’ हा शब्द पडला होता. त्याचा अर्थ ‘मला हवे’! दुभाष्यांची ही गफलत लक्षात आल्यावर १५४४ मध्ये झेवियर यांनी आपले सहकारी मान्सिल्यास यांना पत्र लिहून शब्द बदलायला सांगितले. नवा शब्द आपल्या ‘विश्वास’ या शब्दाचेच तामिळ रूप होता. आपली चूक अशी उघड दुरुस्त करायला मोठे मन लागते.

जपानमध्ये तर याहून कठीण प्रसंग ओढवला. मलाक्कात भेटलेल्या आंजिरो या जपानी गृहस्थाचा १५४८ साली गोव्यात, पेन्टेकॉस्टच्या सणाला बाप्तिस्मा झाला होता. त्याला बरोबर घेऊन झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमा येथे उतरले. जपानी लोकांमध्ये आपण केवळ पुतळ्यांसारखे आहोत, असे त्यांनी लिहिले. आंजिरोचा बौद्ध ग्रंथांचा अभ्यास नव्हता. त्याने ‘परमेश्वर’ या अर्थी ‘दाइनिची’ हा शब्द सुचवला आणि झेवियर तोच वापरू लागले. पण दाइनिची हे शिंगोन पंथाच्या आराध्य बुद्धाचे नाव! यामागुची येथे त्या पंथाच्या भिक्षूंनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. झेवियर यांना शंका आली. त्यांनी भिक्षूंना पवित्र त्रैक्याविषयी विचारले, तेव्हा सारा घोटाळा उलगडला. त्यांनी तत्काळ बंधू फर्नांडिस यांना रस्त्यावर पाठवून दाइनिचीची भक्ती करू नका, असे सांगायला लावले आणि ‘देउसु’ हा परका शब्द स्वीकारला. विरोधकांनी त्याचे ‘दाइउसो’ केले, म्हणजे ‘मोठे असत्य’. सुमारे दोन वर्षांची मेहनत पणाला लागली. तरी ज्या शब्दावर स्वागत झाले, तो त्यांनी ठेवला नाही.

पुढे चीनची ओढ लागली. १५५२ साली ते चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियान बेटावर पोहोचले. त्यांच्यासोबत अंतोनियो नावाचा चिनी तरुण होता. पण गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात शिकताना तो आपली चिनी भाषाच बरीचशी विसरला होता. दुसरा दुभाष्या ऐनवेळी माघारी फिरला. ठरलेली नौका आली नाही. थंडीत, झोपडीत, झेवियर तापाने फणफणले.

शेवटच्या दिवसांचा वृत्तांत याच अंतोनियोने लिहून ठेवला आहे. ग्लानीत संत मोठ्याने प्रार्थना करीत; येशूचे आणि मारियेचे नाव त्याला ओळखू येई. मध्येच मात्र ते अशा भाषेत बोलू लागले, जी त्याला मुळीच समजेना. अभ्यासकांच्या मते ती बास्क असावी. ३ डिसेंबर रोजी, उजाडण्यापूर्वी, वयाच्या ४६ व्या वर्षी त्यांनी प्राण सोडला, तेव्हा अंतोनियोने त्यांच्या हातात जळती मेणबत्ती धरली होती.